पुढची वाट कोणाला विचारायची?

(उर्से येथे पालक, विद्यार्थी आणि मंडळीतील हितचिंतक यांच्या बैठकीत दिलेले भाषण. छापण्यासाठी थोडे आवरले आहे.)

 

तुमच्यापैकी बरेच जण मुंबईला जाता-येताना उर्से टोलनाक्यावर थांबला असाल. नाक्यापलीकडे गाव आहे, गावाभोवती कारखाने आहेत, आणि कारखान्यांपासून थोडं दूर कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ, सगळीकडे असंच चित्र. दिवाळी झाली की निम्मी वाडी वीटभट्टीवर जाते. अशा घरातलं एखादं पोर दहावी पास होतं, आयटीआयला जातं, आणि एक दिवस हळूच म्हणतं, "मला अजून शिकायचंय." आज मला त्या एका वाक्याबद्दल बोलायचंय. ते वाक्य ऐकल्यावर त्याला कोण काय सांगतं, यावर त्याची पुढची पाच-सहा वर्षं ठरतात.

आपण फी भरतो, वह्या देतो, दप्तर देतो. देणाऱ्यांचे हात थकत नाहीत, याबद्दल देवाचे आभार. पण इतक्या वर्षांच्या कामात मी पाहिलं आहे की आमच्या वाड्यांवरची मुलं पैशाअभावी जितकी मागे राहतात, तितकीच किंवा त्याहून जास्त मुलं चुकीच्या सल्ल्याने अडकतात. आणि सल्ला तर फुकट असतो. म्हणूनच कदाचित त्याची किंमत कोणी करत नाही.

आधी थोडा हिशोब मांडते. कंटाळू नका, हा हिशोब कळला की बाकीचं सोपं आहे.

दहावीनंतर थेट पॉलिटेक्निकला गेलं तर डिप्लोमा तीन वर्षांचा. डिप्लोमा झाल्यावर इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, म्हणजे आणखी तीन वर्षं. एकूण सहा. बारावी सायन्स करून चार वर्षांची पदवी केली तरी सहाच. आता आयटीआयचं बघा. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला तर डिप्लोमाच्याही थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. दोन वर्षं आयटीआय, दोन वर्षं डिप्लोमा, तीन वर्षं पदवी. सात. म्हणजे ज्याला गावात "आयटीआयवाला" म्हणून बाजूला काढतात, तो पोरगा सायन्सवाल्याच्या मागे फक्त एक वर्ष असतो. शिवाय वाटेत कुठेही थांबावं लागलं तरी त्याच्या हातात पोटापाण्याचं प्रमाणपत्र असतं. गरीब घरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. बारावी सायन्स अर्धवट सुटली तर हातात काही उरत नाही.

पण हे कोणी सांगितलंच नाही तर? मला एक मुलगा माहीत आहे. दोन वर्षांचा फिटर चांगल्या गुणांनी पास. त्याला एका खाजगी संस्थेतल्या माणसाने डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला बसवलं, कारण तिथे पहिल्या वर्षाच्या जागा भरायच्या होत्या. दोनाऐवजी तीन वर्षं. कोणी चोरी केली नाही, कोणी खोटं बोललं नाही. मुलाने "प्रवेश आहे का?" असं विचारलं, आणि "आहे" असं उत्तर मिळालं. एक वर्ष गेलं, त्या वर्षाची मजुरीही गेली.

आता ट्रेड निवडण्याची गोष्ट. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा आहे. कॉम्प्युटर ऑपरेटरचा, ज्याला कोपा म्हणतात, तोही एक वर्षाचा. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची अट दोन वर्षांच्या आयटीआयची आहे. म्हणजे सोळाव्या वर्षी आयटीआयचा फॉर्म भरताना जो ट्रेड वर लिहिला, त्याने पुढचं एक दार उघडं राहतं किंवा बंद होतं, आणि फॉर्म भरणाऱ्याला बहुतेक वेळा याचा पत्ताही नसतो.

एका घरी यावरून दोन संध्याकाळी बोलणं चाललं. आई म्हणाली, "ताई, वेल्डर केलं तर वर्षात पोरगं कामाला लागतंय. मागं दोन पोरी हायेत." तिचं म्हणणं चूक नव्हतं. तिला कोणी "मुलाचं भविष्य बघा" असं ऐकवायची गरज नाही, ती रोज तेच बघते. बापाने काहीच म्हटलं नाही, विडी ओढत बसला. मुलगा मला सोडायला रस्त्यापर्यंत आला आणि म्हणाला, "ताई, मला इंजिनिअर व्हायचंय. पण वाडीत कोणाला सांगू नका, हसतील."

मी त्याला तिथल्या तिथे "इलेक्ट्रिशियन घे" असं सांगितलं नाही. आधी वर्षं मोजली. वेल्डरचं एक वर्ष, मग डिप्लोमा पहिल्यापासून तीन वर्षं, मग पदवीची तीन. तेही सातच भरतात! खूप जणांना हे लक्षात येत नाही. उलट गणित कच्चं असलेल्या मुलाला डिप्लोमाचं पहिलं वर्ष मिळणं बरंच, कारण पाया तिथे घातला जातो. मग फरक कुठे पडतो? पहिल्या वर्षाचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, आणि या मुलाचे दहावीचे गुण बेताचेच होते. परीक्षेच्या महिन्यात तो भट्टीवर होता. थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला आयटीआयचे गुण मोजतात, आणि हाताच्या कामात तो हुशार होता. म्हणून त्याच्यासाठी दोन वर्षांचा ट्रेड बरा. दुसऱ्या एखाद्यासाठी उलटंही ठरलं असतं. हे आईला सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की दुसऱ्या वर्षी घरात पैसे येणार नाहीत, त्याचं काय करायचं ते आधी ठरवू. ते ठरल्यावरच फॉर्म भरला. आज तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले, त्यातला एक गणित. त्याबद्दल पुढे बोलते.

पवित्र शास्त्रात रहबाम राजाची गोष्ट आहे, पहिल्या राजांच्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात. त्याने सल्ला विचारलाच नाही असं नाही. आधी वडीलधाऱ्यांना विचारलं, मग बरोबर वाढलेल्या सोबत्यांना विचारलं, आणि कानाला गोड लागलं ते घेतलं. राज्य दुभंगलं. आमची मुलंही सोबत्यांनाच विचारतात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांच्या वाडीत त्या वाटेने गेलेला वडीलधारा कोणी नाहीच. शहरातल्या मुलाचा मामा इंजिनिअर असतो, आत्या कॉलेजात शिकवते, शेजारचा दादा मागच्याच वर्षी त्याच कॉलेजात लागलेला असतो. जेवता जेवता त्याला जे कळतं, ते कातकरी मुलाला तीन ठिकाणी हेलपाटे घालूनही कळत नाही. त्याला सल्ला मिळतो तो सायबर कॅफेवाल्याकडून, टपरीवर भेटलेल्या मित्राकडून, नाहीतर एजंटकडून.

एजंटबद्दल स्पष्ट बोलते. "पैसे भरा, सीट पक्की" असं म्हणणारा माणूस तुम्हाला जी जागा देतो ती बहुधा व्यवस्थापन कोट्यातली किंवा संस्थेच्या पातळीवरची असते. आपल्या अनुसूचित जमातीच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवर मिळते, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत असेल तर. शिक्षण शुल्काची परतफेडही होते. पण त्यासाठी प्रवेश सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला मुलं "कॅप राउंड" म्हणतात त्यातून झालेला असावा लागतो. एजंटच्या वाटेने गेलेला मुलगा त्याच कॉलेजात, त्याच बाकावर बसतो आणि पूर्ण फी भरतो. मग ती फी भरायला आई बचत गटाचं कर्ज काढते, आणि नंतर आमच्याकडे अर्ज येतो की मिशनने मदत करावी. मदत करतोही. पण तो पैसा खरं तर दुसऱ्या मुलाचा होता.

कॅपमध्येही सांभाळावं लागतं. पसंतीक्रम भरताना पहिल्या नंबरावर जे कॉलेज टाकलं ते मिळालं, तर ती जागा पक्की धरली जाते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. "बघू तर काय होतं" म्हणून वर काहीही टाकायचं नसतं. रोज घरून जायचं असेल तर लोकलचं वेळापत्रक पुढ्यात ठेवून यादी करा. लोणावळा-पुणे लोकलने शिवाजीनगरला उतरणं जमतं, पण स्टेशनपासून दोन बस लागणारं कॉलेज डिसेंबरपर्यंत सुटतं. आणि वसतिगृह मिळेल की नाही हे आधी बघा. पुणे जिल्ह्यासाठी आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वयम योजनेतून जेवणखाण आणि राहण्यासाठी मुलाच्या खात्यात पैसे मिळतात. याचा अर्ज वेगळा, प्रवेशाचा वेगळा, शिष्यवृत्तीचा वेगळा. तीन अर्ज आहेत हे सांगणारं माणूस भेटलं नाही म्हणून मुलगा एकच अर्ज करतो आणि "सगळं केलं" म्हणून घरी येतो.

हे दुखणं आपल्याच देशातलं आहे असं समजू नका. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाची दोन वर्षांची सरकारी कॉलेजं आहेत. त्यातलं सर्वात जुनं, अजून चालू असलेलं, इलिनॉय राज्यातल्या जॉलिएट गावात १९०१ साली सुरू झालं. कल्पना अशी की गरीब घरातल्या, काम करणाऱ्या मुलांनी पहिली दोन वर्षं गावाजवळ स्वस्तात करावी आणि मग विद्यापीठात जाऊन पदवी पूर्ण करावी. आपल्या आयटीआय-डिप्लोमाच्या वाटेचं ते चुलत भावंडच. तिथे दाखल होणाऱ्या दहांपैकी आठ जणांना पदवी घ्यायची असते. सहा वर्षांत ती हाती येणारे दहात दोनही भरत नाहीत. याचं एक मोठं कारण हेच: आपण शिकलेले विषय पुढच्या कॉलेजात धरले जातील की नाही, हे मुलांना आधी कोणी सांगत नाही. तिथल्या सरकारच्या लेखापरीक्षण खात्याने २०१७ साली हिशोब काढला, तर कॉलेज बदलताना मुलांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांची जमा, वाया जात होती. एवढा श्रीमंत देश, कॉलेजात सल्लागार नेमलेले, आणि तरी ही अवस्था!

आपल्याकडे कम्युनिटी कॉलेजची चळवळ आणण्यात चर्चचा हात आहे, हे तुम्हाला ऐकून बरं वाटेल. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली पहिलं काढलं, आणि लगेच १९९६ मध्ये मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने मद्रास कम्युनिटी कॉलेज सुरू केलं. शाळा सुटलेल्या मुलांना हाताचं काम आणि जगण्याची शिदोरी देणारं शिक्षण. काम मोलाचं झालं. पण अशा संस्थांचं प्रमाणपत्र पुढच्या पदवीला जोडलेलं आहे का, हा प्रश्न देशभर बराच काळ लोंबकळत राहिला. नंतर यूजीसीने कम्युनिटी कॉलेजची योजना काढली, २०१४ मध्ये बी.व्होक. पदवी आणली, २०२१ मध्ये क्रेडिट साठवायची बँकही आणली. कागदावर शिडी आता पुष्कळ पायऱ्यांची झाली आहे. म्हणून आपल्या मिशनमध्ये कोणी शिवणकामाचा, संगणकाचा, नर्सिंग मदतनिसाचा कोर्स सुरू करायचा म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो: याचं प्रमाणपत्र कोण देतं, आणि ते दाखवून पुढे कुठे प्रवेश मिळतो? काही जणांना हा प्रश्न नाउमेद करणारा वाटतो. असो.

नर्सिंगवरून आठवलं, मुलींचं सांगायचं राहिलं. आपल्या ख्रिस्ती समाजात नर्सिंगची परंपरा आहे. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचं नाव महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? त्यामुळे मंडळीतल्या मावश्या वाडीतल्या मुलीला प्रेमाने सांगतात, "ए.एन.एम. कर गं बाई." सल्ला वाईट नाही, नोकरी लागते. पण ए.एन.एम. वरून पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला थेट जाता येत नाही, त्याला जी.एन.एम. लागतं. ज्या मुलीला पुढे शिकायचंय आणि बारावीचे गुण पुरेसे आहेत, तिला जी.एन.एम. किंवा सरळ बी.एस्सी. नर्सिंगच दाखवायला हवं. आपण तिला पहिली पायरी दाखवताना दुसरी तिथून लागते का, हे बघायला नको का? कातकरी मुलगी आहे, एवढं झालं तरी पुष्कळ, असं आपल्या मनात कुठेतरी असतं. ते बोलून दाखवत नाही, पण सल्ल्यात उतरतं.

मग चांगला सल्ला ओळखायचा कसा? मुलांनो, आता तुमच्याकडे बघून बोलते. सल्ला देणाऱ्याला तीन-चार उलट प्रश्न विचारा. "हे तुम्हाला कुठे वाचायला मिळालं?" असं विचारा. नियम सांगणारा माणूस तंत्रशिक्षण संचालनालयाची किंवा सीईटी सेलची यंदाची माहिती पुस्तिका उघडून दाखवू शकला पाहिजे. मागच्या वर्षीची नाही. तारखा, कागद, फेऱ्या दरवर्षी थोड्या बदलतात. पुस्तिका इंग्रजीत असते म्हणून घाबरू नका, कोणाकडून तरी वाचून घ्या, पण वाचून घ्याच. दुसरं, "मी इथे प्रवेश घेतला तर तुम्हाला काय मिळतं?" हा प्रश्न तोंडावर विचारायला अवघड जातं, मनात तरी विचारा. तिसरं, त्या वाटेने प्रत्यक्ष गेलेला कोणीतरी शोधा. आयटीआयतून डिप्लोमाला गेलेला, मागच्या दोन वर्षांतला. वीस वर्षांपूर्वी इंजिनिअर झालेले साहेब आदराला पात्र आहेत, पण त्यांना आजची फेरी माहीत नसते. आणि एकाच माणसावर थांबू नका. मी सांगितलं तरी दुसरीकडे विचारा. मला राग येणार नाही, उलट बरं वाटेल.

आणि वेळेवर विचारा. निकाल लागल्यावर विचारणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं. आयटीआयचा निकाल आणि डिप्लोमाच्या फेऱ्यांच्या तारखा नेहमी जुळतात असंही नाही, म्हणून आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीलाच बसायला हवं.

आता त्या गणिताचं. थेट दुसऱ्या वर्षात जाणाऱ्या मुलाने पहिल्या वर्षाचं गणित आणि विज्ञान शिकलेलंच नसतं. वर्गातली बाकीची मुलं ते करून आलेली असतात. डिप्लोमावरून पदवीला जाताना पुन्हा तसंच, तिथलं गणित तर आणखी वरचं. "डायरेक्ट सेकंड इयर घे, एक वर्ष वाचतं," एवढाच सल्ला देणाऱ्याने अर्धंच सांगितलेलं असतं. उरलेलं अर्धं असं की ते वाचलेलं वर्ष उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत भरून काढावं लागतं, आणि ते भरून काढायला कोणीतरी शिकवणारं लागतं. म्हणून इथे बसलेल्या टेल्को-बजाजमधून निवृत्त झालेल्या काकांना, गणित शिकवणाऱ्या ताईंना माझी विनंती आहे. मे महिन्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी. त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, साधं कॅल्क्युलस. तुम्ही मराठीत समजावून सांगा, इंग्रजी शब्द मुलं मागून शिकतील. आमच्या त्या मुलाचा राहिलेला गणिताचा विषय मंडळीतल्या एका निवृत्त काकांनीच काढून दिला. दर रविवारी उपासनेनंतर बाहेरच्या ओसरीवर तासभर बसायचे. फीचा चेक दिला असता तर तो विषय निघाला नसता.

ज्यांना मधेच कामाला लागावं लागतं त्यांचंही दार पूर्ण बंद नाही. ए.आय.सी.टी.ई.ने २०२३ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेचे डिप्लोमा आणि पदवीचे वर्ग चालवायला परवानगी दिली आहे, वर्षभराचा कामाचा अनुभव असलेल्यांसाठी. सगळ्या कॉलेजांत ते नाहीत. पण तळेगाव-चाकणच्या कंपनीत लागलेल्या मुलाने "आता शिक्षण संपलं" असं धरून बसू नये. कंपनी स्वतःच "काम करा, डिप्लोमा मिळवा" म्हणत असेल तर डिप्लोमा कोणत्या मंडळाचा किंवा विद्यापीठाचा आहे, आणि त्यावर पदवीच्या दुसऱ्या वर्षात घेतात का, हे सही करण्याआधी विचारायचं.

प्रेषितांच्या कृत्यांत हबशी अधिकाऱ्याची गोष्ट आहे. शिकलेला, मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचतोय आणि कळत नाहीये. फिलिप्प रस्त्यावरून ओरडून अर्थ सांगत नाही. रथात चढून त्याच्या शेजारी बसतो आणि वाटेत बरोबर जातो. मी हा उतारा पुष्कळ वेळा वाचला आहे, पण प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्राबाहेरच्या रांगेत एखाद्या मुलाशेजारी उभी असते, तेव्हा तो वेगळा कळतो. त्या मुलाला सगळी माहिती मोबाईलवर दिसत असते. त्याला कोणीतरी बरोबर हवं असतं. खिडकीतला माणूस "हा कागद चालणार नाही" म्हणाला की तो मुलगा काही न बोलता मागे फिरतो. दुसऱ्या कोणाचा मुलगा विचारतो, "मग कोणता चालेल?" एवढाच फरक, पण त्यात वर्ष जातं.

कागदांवरून शेवटचा आणि सर्वात कठीण मुद्दा. जमातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, त्याला आता बऱ्यापैकी सवय झाली आहे. खरी अडचण वैधता प्रमाणपत्राची. डिप्लोमा, पदवीच्या राखीव जागेला ते लागतंच. मुदतीत दिलं नाही तर मुलाला खुल्या प्रवर्गात टाकतात, आणि सहसा तिथेच त्याचा प्रवेश संपतो. अनुसूचित जमातींसाठी तपासणी समिती वेगळी आहे. पुरावा शक्यतो ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा मागतात, कारण जमातींची यादी त्या दिवशीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने झाली. आता सांगा, कातकरी माणसाच्या आजोबाचा १९५० च्या आधीचा कोणता कागद असणार? जमीन नाही, सातबारा नाही, शाळा नाही, भट्टीच्या मुकादमाच्या वहीत अंगठा, तीही वही कुठे गेली देव जाणे. महाराष्ट्रात कातकरी ही अतिमागास म्हणून गणल्या गेलेल्या तीन आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर. म्हणजे सरकार एका हाताने म्हणतं तुम्ही सर्वांत वंचित आहात, आणि दुसऱ्या हाताने म्हणतं सिद्ध करा.

वाट नाही असं नाही. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या एकाला वैधता मिळालेली असेल तर ती फार उपयोगी पडते, म्हणून एका वाडीत एक मुलगा पार झाला की पुढच्या चुलत भावंडांची वाट सोपी होते. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ च्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीत आजोबाचं नाव जमातीसकट सापडतं कधी कधी. दक्षता पथक घरी येतं तेव्हा चालीरीती, देवदैवतं, कुळं विचारतं, तेव्हा म्हातारी माणसं घरी असायला हवीत, भट्टीवर नाही. हे सगळं करायला वर्ष-दोन वर्षं लागतात. म्हणून आयटीआयच्या पहिल्या वर्षातच फाईल उघडायची. नॉन-क्रीमीलेअरचा दाखला मात्र अनुसूचित जमातीला लागत नाही. कोणी तो काढायला पैसे मागत असेल तर उठून या.

इथे मंडळीने करण्यासारखं एक काम आहे, आणि त्यासाठी पैसा लागत नाही. आपल्या जुन्या मिशन शाळा होत्या. काही बंद पडल्या, काही दुसऱ्या संस्थांकडे गेल्या. त्यांची जनरल रजिस्टरं कुठेतरी असतील: चर्चच्या मागच्या खोलीतल्या कपाटात, पाळकांच्या जुन्या बंगल्यात, एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकाच्या माळ्यावर. १९५० च्या आधीच्या अशा वहीत एखाद्या कातकरी किंवा ठाकर पोराचं नाव आणि नावापुढे जमात लिहिलेली असेल, तर ती ओळ आज त्याच्या नातवाला कामाला येईल. त्या पोराने महिनाभर शाळा करून सोडून दिली असली तरी चालेल. नातू आज कोणत्या देवाला हात जोडतो हे आपण विचारत नाही, आणि विचारायचंही नाही.

तेव्हा घरी गेल्यावर आपापल्या मंडळीत चौकशी करा. वही सापडली तर पानं फाडू नका, धूळ झटकून तशीच ठेवा, तिचा फोटो काढून पाठवू नका. आम्हाला निरोप द्या, आम्ही येऊन बघतो. समितीपुढे ज्या शाळेची वही आहे तिच्या प्रमुखाच्या सही-शिक्क्याचा उतारा लागतो, तो कसा घ्यायचा ते आमच्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. सध्या आमच्याकडे मावळातल्या सात मुलांच्या फायली अडलेल्या आहेत, त्यातल्या चार आजोबांच्या एका कागदावर.